‘दाट देश गरीब, विरळ देश श्रीमंत’: त्या तक्त्यात नेमकं काय चुकतं?

समाजमाध्यमांवर एक तक्ता अधूनमधून फिरत असतो. एका रकान्यात देश, दुसऱ्यात दर चौरस किलोमीटरला किती माणसं राहतात तो आकडा. वरच्या बाजूला बांगलादेश, तळाशी ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा. खाली निष्कर्ष असा की गर्दी हेच गरिबीचं मूळ. सोबत जोडलेली विधानंही ठरलेली: विरळ देशांत अजून भरपूर जागा आहे, दाट देश उपासमारीच्या काठावर आहेत, लोकसंख्या दिवसेंदिवस अधिक वेगानं वाढतेय आणि गर्दीला कंटाळून लोक श्रीमंत देशांकडे धावताहेत. तक्त्यातले आकडे बहुतेकदा बरोबर असतात. त्यांच्याकडून जे वदवून घेतलं जातं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलेलंच नसतं.

“दाट देश गरीब, विरळ देश श्रीमंत.”

मग चाड श्रीमंत हवा. तिथे चौरस किलोमीटरला जेमतेम १५-१६ माणसं आहेत. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तर दहासुद्धा नाहीत, आणि हे दोन्ही देश जगातल्या सर्वांत गरीब देशांत मोडतात. उलट दक्षिण कोरिया आणि नेदरलँड्समध्ये हा आकडा पाचशेच्या वर आहे, सिंगापूरमध्ये आठ हजारांच्या आसपास. तक्ता करणाऱ्यानं ही नावं का गाळली असावीत, ते उघड आहे.

दोन देशांची तुलना केली की इतिहास, हवामान, राजवट असं सगळं आडवं येतं, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून एकाच देशाची दोन काळांतली स्थिती पाहू. १९६०च्या सुमारास दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे अडीच कोटी होती आणि देश अत्यंत गरीब होता. आज त्याच भूमीवर पाच कोटींहून अधिक लोक राहतात. घनता दुप्पट झाली आणि देश श्रीमंतांच्या पंक्तीत जाऊन बसला. घनतेनं तो श्रीमंत झाला असं मी म्हणत नाही. पण घनतेमुळे गरिबी येते, हे म्हणणं इथे टिकत नाही.

“विरळ देशांत अजून भरपूर जागा आहे.”

खरी गोम या विधानात आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

तक्त्यातली घनता म्हणजे गणितीय घनता: एकूण लोकसंख्या भागिले एकूण क्षेत्रफळ. या भागाकारात वाळवंट, बर्फ, डोंगर आणि सुपीक गाळाची जमीन सगळे एकाच मापानं मोजले जातात. इजिप्त घ्या. क्षेत्रफळ सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा कोटींच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ११० माणसं. कागदावर देश ऐसपैस वाटतो. प्रत्यक्षात जवळपास सगळी वस्ती नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात एकवटलेली आहे, आणि लागवडीखालची जमीन एकूण भूभागाच्या चार टक्क्यांच्या आसपास. तेवढ्याच जमिनीनं लोकसंख्येला भागलं की आकडा अडीच हजारांच्या पुढे जातो. याला कायिक घनता म्हणतात. शेतीवर पोसल्या जाणाऱ्या देशाबद्दल काही बोलायचं असेल तर निदान हा आकडा तरी पाहायला हवा.

पण तोही पुरेसा नाही. कायिक घनता नेदरलँड्समध्येही खूप आहे. तिथे शेतीत काम करणारे मात्र एकूण कामकऱ्यांत दोन-तीन टक्केच, इजिप्तमध्ये साधारण पाचातला एक. लागवडीच्या जमिनीमागे शेतकरी किती, ही झाली कृषी घनता, आणि या मापावर दोन्ही देश एकदम दूर जातात. एकाच देशाला तीन घनता आहेत आणि तिन्ही वेगळी गोष्ट सांगतात. फिरणारा तक्ता यातली सर्वांत मुकी घनता उचलतो.

शिवाय देशाची सरासरी देशातलं वितरण झाकून टाकते. १९३५ साली हू हुआनयोंग या चिनी भूगोलतज्ज्ञानं ईशान्येकडच्या आयहुईपासून नैर्ऋत्येकडच्या थंगचोंगपर्यंत नकाशावर एक तिरकी रेघ ओढली. तिच्या पूर्वेला तेव्हाच्या चीनची सुमारे ३६ टक्के जमीन होती आणि सुमारे ९६ टक्के माणसं. त्यानंतर युद्ध, क्रांती, औद्योगिकीकरण असं सगळं घडून गेलं, तरी आजही ९० टक्क्यांहून जास्त चिनी लोक त्या रेघेच्या पूर्वेलाच राहतात. इंडोनेशियातले निम्म्याहून अधिक लोक एकट्या जावा बेटावर आहेत, आणि जावा म्हणजे देशाच्या जमिनीचा सुमारे सात टक्के भाग. ऑस्ट्रेलियाची ‘मोकळी जागा’ बहुतांशी कोरडा अंतर्भाग आहे. लोक किनाऱ्याला धरून शहरांत राहतात. चौरस किलोमीटरला सरासरी तीन माणसं म्हणून कुणी तिथल्या महानगरात घर शोधून पाहावं.

सीमारेषेचाही खेळ असतोच. मोनाको अशा तक्त्यांत वरच्या टोकाला दिसतो, कारण तो मुळात एक शहर आहे आणि त्याला देश म्हणून मोजलं जातं. दुसऱ्या एखाद्या महानगराचा दाट भाग असाच वेगळा काढला तर तोही वर जाऊन बसेल. एकक बदललं की आकडा बदलतो, माणसं मात्र होती तिथेच असतात.

“दाट देश उपासमारीच्या काठावर आहेत.”

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगानं वाढते, हा इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसचा १७९८चा युक्तिवाद, नव्या वेष्टनात. दाटी आणि अतिरिक्त लोकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकसंख्या अतिरिक्त आहे की नाही, हे उपलब्ध संसाधनं, तंत्र आणि व्यापार यांच्या तुलनेतच ठरतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यात चौरस किलोमीटरला वीस माणसंही जड होऊ शकतात. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरुप यांनी १९६५मध्ये बाजू उलटी मांडली: माणसं वाढली की शेती अधिक सघन होते. त्यांचंही सगळीकडे खरं ठरत नाही, पण बांगलादेशाचं उदाहरण दुर्लक्षिण्यासारखं नाही. १९७१ पासून तिथली लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली आणि तांदळाचं उत्पादन तिपटीहून अधिक. १९७४च्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलं की त्या वर्षी दरडोई धान्य आगल्यामागल्या वर्षांपेक्षा कमी नव्हतं. पुरानं शेतमजुरांचं काम गेलं, भाव भडकले, आणि धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत उरली नाही.

याच्या विरुद्ध टोकाची पोस्टही फिरते: सगळं जग एकट्या टेक्सासमध्ये मावेल, मग चिंता कसली! उभं राहायला जागा मिळाली की अन्न, पाणी, इंधन आपोआप येतं, असा तिचा समज दिसतो. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून आणतं. त्याचं शेत दुसऱ्या देशांत आहे. घनतेचा आकडा हे दाखवत नाही. त्यासाठी पर्यावरणीय पदचिन्ह, म्हणजे माणशी वापरासाठी किती जमीन आणि पाणी लागतं ते, मोजावं लागतं, आणि तिथे विरळ वस्तीचे श्रीमंत देश बरेच अडचणीत येतात.

“लोकसंख्या अधिकाधिक वेगानं वाढतेय.”

नाही. जगाचा वार्षिक वाढदर १९६०च्या दशकात दोन टक्क्यांच्या वर गेला होता. आता तो एक टक्क्याच्याही खाली आहे. एकूण संख्या अजून वाढते, कारण आधीच्या मोठ्या पिढ्या आज पालक होण्याच्या वयात आहेत. बांगलादेशात एका स्त्रीमागे सरासरी अपत्यं १९७०च्या दशकात सहा-सातच्या घरात होती, आता दोनच्या आसपास. दाट दक्षिण कोरियात २०२३ साली हा आकडा ०.७२ होता. खरोखर वेगानं वाढणारा नायजर चौरस किलोमीटरला वीस-बावीस माणसांचा विरळ देश आहे. तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांखालची आहे. ताण आहे तो या अवलंबित्वाच्या गुणोत्तराचा: कमावते थोडे, खाणारी तोंडं फार. तक्त्यात हा रकाना असता तर चर्चेला काही अर्थ आला असता.

“गर्दीमुळे लोक श्रीमंत देशांकडे धावतात.”

२०२४च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जन्मदेशाबाहेर राहणारे लोक जगात सुमारे ३० कोटी, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. बहुतेक स्थलांतर देशातल्या देशात होतं, आणि बहुतेक स्थलांतरित जवळच्या ठिकाणीच जातात हे भूगोलतज्ज्ञ रॅव्हेन्स्टाइननं ब्रिटनच्या जनगणनेवरून १८८५ सालीच नोंदवलं होतं. लांब जायला पैसा, ओळखी, कागदपत्रं लागतात. अगदी गरीब माणसाकडे तीच नसतात. आणि देशातल्या या स्थलांतराचा मोठा ओघ विरळ खेड्यांकडून दाट शहरांकडे आहे. लोक गर्दीपासून पळत नाहीत, गर्दीकडे जातात, कारण काम, शाळा, दवाखाना तिथे असतो.