कलम सहाचा आरोपी

माझं नाव पांढरं आहे, हे भाच्याने दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मामा, खेळाच्या चॅटमध्ये बघ ना जरा. सगळ्यांची नावं कशी झळकतायत. आणि तुझं? मतदार यादीतून उचलून आणल्यासारखं."

मी बघितलं. कुणाचं नाव निळ्यातून हिरव्यात उतरत होतं, कुणाचं पेटल्यासारखं दिसत होतं, एका पोराचं तर अख्खं इंद्रधनुष्य होतं. त्या सगळ्या वरातीत माझं नाव बँडवाल्यांच्या मागे चालणाऱ्या हिशेबनीस काकांसारखं वाटत होतं. खरं सांगायचं तर मला काही फरक पडत नव्हता. मी माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे त्या ठोकळ्यांच्या जगाच्या संगणक-खेळात, जातो तो खणायला. मान खाली घालून, कुणाला उत्तर न देता, तासभर एकच सरळ बोगदा खणत जाणं, हे सुख ऑफिसात मिळत नाही. पण 'मतदार यादी' हा शब्द डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी खणतानाही तोच ऐकू यायला लागला.

आता या खेळात माणसाला दोन नावं असतात. एक खात्याचं, म्हणजे जन्मदाखल्यावरचं. त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं, ते ३ ते १६ अक्षरांत बसवावं लागतं, आणि एकदा बदललं की पुढचे ३० दिवस त्याला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे निक, सर्व्हरने (ज्या संगणकावर आम्ही सगळे एकत्र खेळतो त्याने) आपल्यावर उपकार म्हणून दिलेलं टोपणनाव. नटवायचं असतं ते हे. चॅटमध्ये लिहायचं: तिरकी रेघ, त्यापुढे निक हा शब्द, त्यापुढे नाव. रंग हवा असेल तर नावाआधी & हे चिन्ह आणि रंगाचा क्रमांक. ६ म्हणजे सोनेरी.

खेळाचं स्वतःचं खरं चिन्ह & नाहीच, ते § असं आहे. पण ते बहुतेक कीबोर्डांवर सापडत नाही, म्हणून सर्व्हर चालवणाऱ्यांनी & वर भागवलं. हे § चिन्ह मी कुठेतरी पाहिलं होतं आणि कुठे ते आठवेना. मग आठवलं, कायद्याच्या पुस्तकात! कलमाचा क्रमांक लिहिताना हेच वापरतात. तेव्हा माझ्या नावाला सोनेरी रंग देणं म्हणजे अधिकृतपणे त्याला कलम सहा लावणं होतं. पुढे जे झालं ते बघता, गुन्हा तिथेच दाखल झाला म्हणायला हरकत नाही.

निक म्हणून 'क्षितिज' ठरवलं. सोनेरी क्षितिज. रोमनमध्ये टाइप केलं, एंटर दाबलं आणि चॅटमध्ये ऐटीत 'नमस्कार' लिहिलं.

नाव आलं: &६क्षितिज. पांढरंच. वर पुढे ते & आणि सहा, शर्टावर राहिलेल्या किमतीच्या चिठ्ठीसारखे.

"रंग वापरायची परवानगी नाहीये तुला," भाचा म्हणाला. "त्यासाठी रँक लागते. वीस तास खेळावं लागतं."

तोवर पोरांनी बारसं उरकून टाकलं होतं. "अँडसिक्स दादा आले!" असं एकाने लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत मी कायमचा अँडसिक्स झालो. निक ताबडतोब काढून टाकला, पण असली नावं काढून जात नाहीत.

वीस तासांबद्दल फार सांगत नाही. नुसतं उभं राहून वेळ काढायचा प्रयत्न केला, तर सर्व्हर दहा मिनिटांनी 'तुम्ही जागेवर नाही' म्हणून हाकलून द्यायचा. शेवटी खणलं. बोगदा लाव्हाच्या तळ्यापाशी संपला, तेव्हा माझी रँक आली.

आता सोळा रंग माझे होते. शून्य ते नऊ आणि पुढे रोमनमधली पहिली सहा अक्षरं. सोळा रंग म्हणजे चैन वाटते, पण त्यातले निम्मे गडद, आणि चॅटची पाटी मुळात काळपट. क्रमांक एकचा गडद निळा लावला तर नाव दिव्याखाली वाकून शोधावं लागलं. शून्याचा काळा लावला तर मी सर्व्हरवरून नाहीसाच झालो. माझी वाक्यं निनावी पत्रांसारखी यायला लागली. लाल लावला, तर दोनच मिनिटांत सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉडरेटरचा निरोप आला की लाल रंग फक्त आमचा, लोकांचा गैरसमज होतो. माझ्याबद्दल लोकांचा कसलाच समज नव्हता, तर गैरसमज कुठून होणार? पण रँक नवी होती. गप्प बसलो.

मग ठळक अक्षरांचा नाद लागला. त्यासाठी एल हे अक्षर. मी आधी एल दिला आणि मग सहा. नाव सोनेरी झालं, पण किडकिडीत. पुन्हा केलं, पुन्हा किडकिडीत. अर्ध्या तासाने भाच्याने सांगितलं की रंगाचा कोड आला की तो आधीची सगळी सजावट पुसून टाकतो. आधी रंग, मग ठळकपणा. म्हणजे आधी भिंत रंगवायची आणि मग गिलावा करायचा! हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात एकही घर बांधून घेतलेलं नसणार. याच उत्साहात के हे अक्षरही देऊन बघितलं. त्याने नावातली अक्षरं थांबायचीच बंद होतात, प्रत्येक क्षणी नवी चिन्हं, डबा खडखडवल्यासारखी. एका मुलीने विचारलं, "अँडसिक्स दादा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

खरी हाव सुटली ती पुढे. सोळा रंग हे जुनं प्रकरण. २०२० साली आलेल्या १.१६ या आवृत्तीपासून चॅटमध्ये सहा अंकी कोडने कुठलाही रंग देता येतो. कुठलाही म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पैकी कुठलाही. पडद्याचं कापड निवडताना चार नमुने पुढे आले तरी मला घाम फुटतो. इथे मी तीन रात्री सूर्यास्त जुळवत बसलो. क्षितिजाला सूर्यास्तच हवा ना! डावीकडे जांभळा, मध्ये केशरी, उजवीकडे पिवळा. प्रत्येक अक्षराला वेगळा कोड. सहा अंक आणि त्यांच्या आधीची दोन, अशी एका कोडची आठ चिन्हं, वर ते अक्षर. सात रोमन अक्षरांच्या नावासाठी एकूण ६३ चिन्हं. जमलं. आणि जमल्यावर जे वाटतं ते मला वाटलं: हे रोमनमध्ये कशाला? मराठी माणूस, मराठी शब्द, तर अक्षरंही मराठी हवीत.

ही बुद्धी मला रात्री साडेबाराला झाली.

क्षितिज हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणकाच्या हिशेबी ते सात तुकडे आहेत: क, मोडका पाय, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. रोमनमध्येही सात होते, म्हणून मला वाटलं कोड आयते बसतील. बसले. आणि प्रत्येक तुकड्याला आपापला रंग मिळाला. मोडक्या पायालासुद्धा! आयुष्यात पहिल्यांदाच त्या बिचाऱ्याला स्वतंत्र मालमत्ता मिळाली असेल.

गंमत पुढे आहे. वेलांटी आपण अक्षराच्या डावीकडे काढतो, पण संगणक ती अक्षरानंतर साठवतो आणि दाखवताना उचलून पुढे ठेवतो. ठेवतो म्हणजे, ज्याला मराठी वाचता येतं तो ठेवतो. आमचा खेळ तुकडे जसे आले तसे ओळीने मांडतो. त्यामुळे ष ची वेलांटी त च्या दारात जाऊन उभी राहिली, त ची वेलांटी ज च्या दारात, आणि चॅटमध्ये, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत सूर्यास्ताच्या सगळ्या छटांत, माझं नाव झळकलं: क्षतिजि.

क्षितिज गेलं, क्षती तेवढी उरली. मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो. रंग मात्र खरोखर छान जमले होते.

"मामा, रोमनमध्ये परत कर," भाचा म्हणाला. केलं. नक्कल करताना एका कोडचा शेवटचा अंक सुटला, तर तो कोड रंग न देता तसाच नावात उमटला; तेही निस्तरलं. मग मला एक साधी शंका आली. "माझ्या डोक्यावर जे नाव दिसतं, ते पण आता असं दिसत असेल ना?"

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही.

"नाही रे. डोक्यावर खात्याचंच येतं. पांढरं. निक फक्त चॅटमध्ये."

मी कॅमेरा फिरवून स्वतःकडे पाहिलं. डोक्यावर काहीच नव्हतं. स्वतःचं नाव स्वतःला दिसतच नाही म्हणे; ते भाच्याने त्याच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवलं. बोगद्याच्या तोंडाशी कुदळ घेऊन मी, आणि वर मतदार यादी.

निदान चॅट तरी. दोन दिवस मी चॅटमध्ये सूर्यास्तासारखा मावळत राहिलो. 'नमस्कार' लिहिलं, उत्तर नाही. 'कुणाला लोखंड हवंय का?' विचारलं, तर एकाने लिहिलं, "हा कोण नवीन? मॉड, जरा बघा." मी म्हटलं, मी अँडसिक्स. "कशावरून?" मी म्हटलं, विचारा काहीही. "अँडसिक्सचा बोगदा कुठे संपतो?"

"लाव्हाच्या तळ्यापाशी."

ओळख पटली, पण काहीशी नाइलाजाने. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच, हा कोण. शेवटी मी निक बदलायला घेतला: & आणि सहा आणि नाव. तर सर्व्हरने & आणि सहा गिळले आणि नाव सोनेरी करून दिलं. वीस तास खणून मिळवलेली परवानगी आता जाता जात नव्हती.

"दोन & टाक," भाचा म्हणाला. "पहिलं दुसऱ्याला वाचवतं."

दोन टाकले. चॅटमध्ये आलं: &६क्षितिज. पांढरंफटक.

"अरे, अँडसिक्स दादा! दोन दिवस होतात कुठे?"