मॅडम, उडवू का?

बोटीच्या लाउंजमध्ये जमिनीवर फतकल मारून मी चिमट्याने जाकिटाच्या खिशातले तीळ वेचत होते. शेजारी नवरा सॅकच्या शिवणीतून कुसळं उपसत होता. ती सिंहगडची की वेताळ टेकडीची, यावर आमची थोडी वादावादीही झाली. तीळ मात्र निर्विवाद बाकरवडीचे.

ही 2022 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. जायचं होतं साउथ जॉर्जियाला. दक्षिण अटलांटिकमधलं बर्फाळ डोंगरांचं लांबोडकं बेट. विमानतळ नाही, कायमची वस्ती नाही; मोजके अधिकारी आणि शास्त्रज्ञ तेवढे पाळीपाळीने राहतात. अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआयापर्यंत विमानं बदलत जायचं आणि पुढे बोटीने कित्येक दिवस हेलकावे खायचे. (खर्च किती आला ते विचारू नका. सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नाही.)

उतरण्याच्या आदल्या दिवशी हा साफसफाईचा कार्यक्रम. बुटांच्या खाचा, वेल्क्रोच्या पट्ट्या, कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय, सगळं घासायचं, व्हॅक्यूम करायचं आणि गाइडला दाखवायचं. आमची गाइड माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने माझा खिसा उलटा करून टॉर्च मारला आणि आणखी दोन तीळ काढले. हे काय म्हणून विचारलं. म्हटलं, खाऊ. हसली, पण पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलंच. कुसळ पाहून मात्र हसली नाही. ते ओलं झालं की त्याच्या शेपटीचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि तेवढ्यात बी स्क्रूसारखं मातीत घुसतं. आपण लहानपणी मोज्यातून काढून फेकलेली ही वस्तू तिच्या दृष्टीने हत्यारच होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहण्यात हयात गेलेल्या पुणेकराला स्वतःचं असं टॉर्चखाली दाखवलं जाणं बरंच झालं म्हणायचं.

एवढा कडकपणा कशासाठी, हे संध्याकाळच्या व्याख्यानात कळलं. हे बेट 'अस्पर्श' वगैरे अजिबात नाही. 1775 मध्ये कॅप्टन कुक तिथे उतरला आणि सीलबद्दल लिहून गेला. मागोमाग शिकारी आले, त्यांनी कातड्यासाठी फर सील जवळजवळ संपवले. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि जमिनीवरची घरटी फस्त करत सुटले. 1904 मध्ये ग्रिटविकेनला देवमाशांचा कारखाना निघाला. 1960 च्या दशकात धंदा बसेपर्यंत या बेटावर पावणेदोन लाखांच्या आसपास देवमासे कापले गेले. कामगारांना मटण हवं म्हणून नॉर्वेहून रेनडिअरही आणले होते, तेही माजले.

मग उलटं चक्र. रेनडिअर हटवले. 2011 ते 2015 दरम्यान तीन हंगाम हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर मारले, वास काढणारे कुत्रे फिरवून खात्री केली आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर केलं. तिथला पिपिट हा चिमणीएवढा पक्षी, जगातला सगळ्यात दक्षिणेचा गाणारा पक्षी, आता पुन्हा किनाऱ्यावर ऐकू येतो. आम्ही ऐकला. पेंग्विनच्या कोलाहलात तो ऐकायला गाइडने सगळ्यांना गप्प उभं केलं होतं, आणि चक्क सगळे गप्प राहिले.

पेंग्विनबद्दल फार लिहीत नाही, फोटो टाकलेत. वास मात्र फोटोत येत नाही, कोळीवाड्याच्या वर चार पायऱ्या आहे. किनाऱ्यावर एका वेळी शंभर माणसं, बाकीचे बोटीवर आपली पाळी येईपर्यंत कॉफी पीत बसलेले. प्राण्यापासून पाच मीटर लांब. हा नियम पेंग्विनना कोणी सांगितलेला नाही. एक किंग पेंग्विन सरळ चालत आला, माझ्या गमबुटाकडे मान वाकडी करून पाहिलं, चोचीने एकदा टोचून बघितलं आणि निघून गेला. मागे त्यांची तपकिरी पिल्लं, भिजलेली घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या धनगरांसारखी. मी हलले नाही. पन्नासेक माणसं आजूबाजूला होती, कोणीच हललं नाही.

आणि तिथे, त्या थंडीत, मला भिगवण आठवलं.

2016 च्या जानेवारीत आम्ही बिल्डिंगमधले बाराजण उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेलो होतो. दोन-तीनशे रोहित माना उलट्या घालून चिखल गाळत होते. नावाड्याने मोटर हळू केली आणि मागे वळून विचारलं, "मॅडम, उडवू का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मोठी लेन्स माझीच होती. मी म्हटलं, "उडवा." त्याने मोटर वाढवली. ते बिचारे पाण्यावर धावले (त्यांना उडायला धावावं लागतं) आणि काळे-गुलाबी पंख उघडून वर गेले. त्या फोटोला इथेच चारशे लाइक्स मिळाले होते. खाली उतरल्यावर मी नावाड्याला वर शंभर रुपये दिले.

हे शंभर रुपये मला टोचतात. 'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे वाक्य मला पटत नाही, कारण साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यावर पुतळ्यासारखी उभी असलेली बाई आणि 'उडवा' म्हणणारी बाई एकच. फरक एवढाच की तिथे माणसं मोजून सोडतात आणि नाही म्हणायला एक मुलगी टॉर्च घेऊन उभी असते. नावाड्याला दोष देऊ नका. हंगामातले तीन-चार महिने त्याचं घर यावर चालतं, आणि बक्षीस कशाला मिळतं हे त्याला आम्हीच शिकवलं. एका वेळी पाण्यावर किती होड्या असाव्यात, मोटर कुठे बंद करावी हे गावाने ठरवावं आणि त्यासाठी तिकीट वाढवावं. मी दुप्पट देईन. अंटार्क्टिकच्या वाटेवर जेवढे पैसे उधळले त्यापुढे हे काहीच नाही.

'एवढंच आहे तर तुम्ही तिकडे गेलातच कशाला?' असं मुलीने विचारलं. उत्तर नाही. बोट डिझेलवरच चालते.

आणि आमची सगळी घासाघीसही पुरी पडली नाही. 2023 च्या ऑक्टोबरात बर्ड फ्लू त्या बेटावर पोचला, तो माणसाच्या बुटातून नव्हे, उडत्या पक्ष्यांतून आला असं मानतात. हत्ती-सील मोठ्या संख्येने मेले. बातमी वाचून मी ते गमबूट आठवत बसले होते.

या जानेवारीत पुन्हा भिगवणला गेलो. नावाडी वेगळा, विशीतला पोरगा. त्याने विचारायच्या आत मी सांगितलं, लांबच मोटर बंद कर, बक्षीस त्याचंच देते. त्याला गंमत वाटली. बांबूने होडी थोपवून तोही बसला. वीस मिनिटं आम्ही नुसते बघत होतो; एक रोहित पायाने चिखल ढवळत स्वतःभोवती गोल फिरत होता, हे मी आधी कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून दुसरी होडी भरधाव आली. सगळा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून गेला. पोरगा माझ्याकडे बघून ओशाळं हसला. माझा कॅमेरा तोवर डोळ्याला लागलेला होता.