‘टोकलं की सुटतं’ असं सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

शाळा सुरू व्हायची वेळ आली की पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. मूल सारखे डोळे मिचकावतं, मान झटकतं, खांदे उडवतं तो नुसता चाळा. तो मोबाईलमुळे लागतो. दर वेळी टोका, आठ दिवसांत सुटेल. आणि शाळेत बोलू नका, शिक्का बसतो. माझ्या मुलाला सहाव्या वर्षापासून टिक्स आहेत, म्हणजे अशा हालचाली ज्या मुद्दाम न करता पुन्हापुन्हा होतात. आम्हीही काही महिने असंच वागलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘चाळा’. मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणारी जी यंत्रणा असते, तिच्या कामातल्या फरकामुळे टिक्स येतात. त्याआधी बऱ्याच मुलांना त्या जागी काहीतरी दाटून आल्यासारखं होतं आणि झटका दिला की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. हा परिच्छेद संपेपर्यंत पापणी लवू देऊ नका. थोडा वेळ जमेल, पण वाचलेलं किती डोक्यात शिरेल? वर्गात टिक दाबून बसलेल्या मुलाचं हेच होतं. घरी आल्यावर तो सैलावतो, टिक्स वाढलेल्या दिसतात आणि आपण म्हणतो, ‘शाळेत बरं नाही करत!’ हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे.

मोबाईलचा मुद्दा लवकर संपतो. जॉर्ज जिल द ला तूरेत या फ्रेंच डॉक्टरने अशा नऊ रुग्णांचं वर्णन 1885 साली केलं. जागरणाने, थकव्याने, ताणाने किंवा आनंदाच्या उत्साहानेही टिक्स वाढू शकतात, त्यामुळे झोपेची वेळ जरूर सांभाळा. पण मुलाला ‘तूच हे ओढवून घेतलंस’ असं सांगू नका.

‘आठ दिवसांत सुटेल’ हे कधीकधी खरं ठरल्यासारखं दिसतं, कारण टिक्स आपणहून कमीजास्त होत राहतात. एक जाते, दुसरी येते. अनेक मुलांच्या टिक्स वर्षाच्या आत थांबतात. ज्यांच्या टिकतात, त्यांना साधारण दहा ते बारा या वयात सर्वात जास्त त्रास होतो आणि पुढे बहुतेकांचा ओसरतो. टोकल्याने मात्र मुलाचं सगळं लक्ष टिककडेच लागतं. टिक्ससाठी वर्तन-उपचार आहे, पण त्यात रागावणं नसतं. टिक येतेय हे ओळखून तिच्याऐवजी दुसरी हालचाल करायला मूल शिकतं. 9 ते 17 वयाच्या 126 मुलांवरचा त्याचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांत निम्म्याहून जास्त मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा दिसली. ज्यांना केवळ माहिती आणि आधार दिला, त्या गटात हे प्रमाण एक पंचमांशाहूनही कमी होतं.

आता ‘शाळेत बोलू नका’. सर्वात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. आपण सांगितलं नाही म्हणून शिक्का टळत नाही. वर्ग स्वतःच नाव ठेवतो आणि बाईंना वाटतं, हा वेडावून दाखवतोय. आमच्याकडे तेच झालं. शाळा सुरू व्हायच्या आधीच वर्गशिक्षकांना भेटा आणि थोडक्यात सांगा: या टिक्स आहेत, तो मुद्दाम करत नाही, कृपया दुर्लक्ष करा. पहिल्या बाकाचा आग्रह धरू नका; मागे किंवा कडेला बसला की सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर राहत नाहीत. पाच मिनिटं बाहेर जाऊन येण्यासाठी एक खूण ठरवा, मात्र ती शिक्षा वाटता कामा नये. मान किंवा डोळ्यांच्या टिक्समुळे लिहिताना ओळ सुटत असेल तर परीक्षेत जास्त वेळ मागा. वर्गाला सांगायचं की नाही, हे मुलालाच ठरवू द्या. माझ्या मुलाने स्वतःचं वाक्य तयार केलं: ‘माझी मान आपोआप हलते, मला काही होत नाही.’ कुणी विचारलं की तो एवढंच म्हणतो आणि खेळायला लागतो.

मान दुखत असेल, लागत असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल किंवा तेच तेच विचार छळत असतील तर डॉक्टरांना दाखवा. हालचालीच्या वेळी मूल हाकेला ओ देत नसेल तर अजिबात थांबू नका. जाताना घरी काढलेला छोटा व्हिडिओ न्या, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर टिक बऱ्याचदा दिसतच नाही.