आयफेल टॉवरला ‘निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांसाठी

पॅरिसच्या आयफेल टॉवरबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा आशय असा: गुस्ताव्ह आयफेल या अभियंत्याने एकट्याने हा मनोरा आखला, वर स्वतःला राहायला घर बांधलं, १८८९ च्या जागतिक प्रदर्शनानंतर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, २० वर्षांनी तो पाडायचंच ठरलं होतं, पण नशिबाने बिनतारी यंत्रणा आली म्हणून वाचला. आणि रात्री त्याचा फोटो काढणं म्हणे गुन्हा आहे! एवढ्या ठामपणे इतकं चुकीचं पसरतंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मनोऱ्याचं पहिलं रेखाटन १८८४ मध्ये केलं ते मॉरिस केक्लँ आणि एमिल नूगिए या आयफेल यांच्या कंपनीतल्या दोन अभियंत्यांनी. त्याला देखणं रूप दिलं वास्तुविशारद स्तेफान सोव्हेस्त्र यांनी. आयफेल यांना आधी ही कल्पना फारशी भावली नव्हती. नंतर त्यांनी हक्क विकत घेतले आणि पैशाची, बांधकामाची सगळी जबाबदारी अंगावर घेतली. हे श्रेयही लहान नाही, पण त्यासाठी बाकीच्या तिघांची नावं पुसायची गरज नाही.

वरच्या ‘घराचं’ म्हणाल तर ती एक छोटी खोली. आयफेल तिथे पाहुण्यांना भेटत. १८८९ मध्ये एडिसन तिथे येऊन गेले.

आता उपयोगाबद्दल. पॅरिस शहराशी झालेल्या करारानुसार २० वर्षांनी मनोरा पॅरिस शहराच्या ताब्यात जाणार होता आणि पुढे तो ठेवायचा की पाडायचा, हे शहराच्या हातात होतं. म्हणजे धोका खरा होता आणि तो आयफेल यांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. मनोरा उपयोगी ठरून टिकावा म्हणूनच १८८९ मध्ये तो खुला झाला त्याच वर्षी माथ्यावर हवामानाच्या नोंदी सुरू झाल्या. १८९१ मध्ये कायते या शास्त्रज्ञाने मनोऱ्याच्या उंचीभर नळी चढवून पाऱ्याचा प्रचंड दाबमापक उभारला. ४०० वातावरणांपर्यंतचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ४०० पटींपर्यंतचा दाब त्यावर मोजता येई. अशी नळी तेव्हा दुसरीकडे कुठे उभी करणार होते? वाऱ्याचा रोध अभ्यासण्यासाठी आयफेल यांनी दुसऱ्या मजल्यावरून तारेच्या आधाराने वेगवेगळ्या आकाराचे पत्रे खाली सोडले, आणि १९०९ मध्ये पायथ्याशी वातबोगदा (वाऱ्याच्या झोतात वस्तू तपासायची बोगद्यासारखी जागा) बांधला. विमानं नुकती उडायला लागली होती, त्या काळातलं हे काम आहे.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९१० मधला प्रयोग. थिओडोर वुल्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने किरणोत्सर्ग मोजायचं आपलं उपकरण माथ्यावर नेलं. किरणोत्सर्ग फक्त जमिनीतून येत असेल, तर इतक्या उंचीवर तो जवळजवळ संपायला हवा होता. तो कमी झाला, पण अपेक्षेपेक्षा खूपच कमी प्रमाणात. दोन वर्षांनी व्हिक्टर हेस या भौतिकशास्त्रज्ञाने बलूनमधून आणखी वर जाऊन मोजमाप केलं आणि विश्वकिरणांचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांचा शोध लागला. तो मनोरा या शोधाच्या वाटेवरची एक पायरी होता, हे त्या मेसेजमध्ये का नसावं?

बिनतारी यंत्रणेचंही ‘नशीब’ नव्हतं. १८९८ मध्येच युजेन ड्युक्रेते यांनी मनोऱ्यावरून सुमारे ४ किलोमीटरवरच्या पॅरिसमधल्याच पाँथेऑन या इमारतीपर्यंत संदेश पाठवला होता. पुढे लष्करातले अधिकारी गुस्ताव्ह फेरिए यांना आयफेल यांनी मनोरा वापरायला दिला आणि सुरुवातीचा खर्चही स्वतः उचलला. यामुळेच १ जानेवारी १९१० पासून कराराला ७० वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्याच वर्षी इथून वेळेचे संकेत सुटू लागले. समुद्रावरची जहाजं त्यावरून आपलं रेखांश काढत. पहिल्या महायुद्धात शत्रूचे संदेश इथेच पकडले जात. आजही मनोरा रेडिओ-टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी वापरात आहे. २०२२ मध्ये बसवलेल्या नव्या अँटेनामुळे त्याची उंची ३३० मीटर झाली.

राहिला फोटो. रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे, त्यामुळे जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी तसा फोटो वापरायचा तर परवानगी लागते. पर्यटकाने स्वतःसाठी काढलेल्या, घरच्यांना पाठवलेल्या किंवा समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोला कोणीही अडवत नाही. तुमच्या घरातलं कोणी पॅरिसला निघालं असेल, तर त्यांना हे नक्की सांगा.