तुरटीने पाणी नितळतं, शुद्ध होत नाही

‘नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवा, पाणी पिण्याजोगं होतं’ हा संदेश सांगलीत कृष्णाकाठच्या वस्त्यांमध्ये फिरतो आहे. तो अर्धाच खरा. तुरटीने गाळ बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. वरचं नितळ पाणी कापडाने गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळावं.

टाकीतलं पाणी निर्जंतुक करायला १००० लिटरमागे २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीभर पाण्यात कालवून गाळ बसू द्यावा, वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओतावं, मग अर्धा तास थांबावं. पाणी गढूळ असेल तर पावडरमधलं क्लोरीन गाळातच संपतं. उघडी राहिलेली जुनी पावडर तर वायाच.

तक्रारीआधी शेजारच्या नळाचं पाणी बघा. तिथं स्वच्छ असेल, तर गळती बहुधा तुमच्याच जोडणीत.