झोप उडाली म्हणजे गोळी लागू पडली?

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या "स्मार्ट गोळी"चा मेसेज फिरतोय. मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट अशी दोन नावं दिलीयेत. म्हणे आयक्यू वाढतो, पेपर झपाझप सुटतो, परदेशातले टॉपर हेच घेतात, साइड इफेक्ट शून्य, दहावीपासून चालू करा, आणि परवडत असून न देणं म्हणजे मुलावर अन्याय. ताईने मला तो पाठवला आणि खाली विचारलं, कॉलेज रोडला कुठल्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळेल का बघ. भाची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, रिपीट करतेय. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

आधी ते झपाझप. २०२३ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. ४० निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी ही दोन औषधं, अँफेटामिन गटातलं एक उत्तेजक औषध आणि एकदा औषध नसलेली नुसती खोटी गोळी दिली, कुठल्या दिवशी कुठली ते घेणाऱ्याला माहीत नाही. मग कोडी घातली: पिशवीत ठरावीकच वजन मावतं, प्रत्येक वस्तूचं वजन आणि किंमत दिलीये, जास्तीत जास्त किमतीचा माल भरून दाखवा. औषधावर माणसं जास्त वेळ झटत बसली, वस्तू आत टाक, बाहेर काढ, पण उत्तरं काही सुधारली नाहीत. उलट खोट्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते ते औषधावर खाली घसरताना दिसले. आता नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकलं की एक मार्क कट, तिथे जास्त वेळ खाऊन तेच उत्तर देणारी गोळी काय चाटायची?

पण माझं डोकं फिरलं ते या वाक्याने: "सुरुवातीला झोप उडेल, घाबरू नका, मेंदू जागा होतोय." अहो, मोडाफिनिल हे नार्कोलेप्सीचं औषध आहे, ज्यांना दिवसा बसल्या जागी अनावर झोप येते त्यांचं. झोप उडवणं हेच त्याचं काम! निम्मं औषध शरीरातून जायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात, म्हणजे रात्री नऊची गोळी सकाळी नऊला अर्धी अंगातच असते. आणि दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. भाची आत्ताच रात्री एकपर्यंत जागते, एनसीईआरटीच्या बायोलॉजीची पानं हायलायटरने अख्खी पिवळी झालीत, दुपारी क्लासमध्ये तिचे डोळे मिटतात. त्या पोरीची उरलीसुरली झोपपण काढून घ्यायची?

साइड इफेक्ट शून्य हे धादांत खोटं. मोडाफिनिलने डोकेदुखी, मळमळ, जीव घाबरा होणं, क्वचित जिवावर बेतणारं त्वचेचं पुरळ. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ते मुलांसाठी मंजूरच केलेलं नाही. मिथाइलफेनिडेटची तर सवय लागू शकते. ज्या मुलांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे आणि डॉक्टरांनी तपासून ते दिलंय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी कुणाचं वाचून बंद करू नये.

चहासुद्धा उत्तेजकच, हे मान्य. आधीच्या अभ्यासांच्या २०१५ मधल्या एका आढाव्यात मोडाफिनिलने निरोगी लोकांना नियोजन, निर्णय अशा कामांत थोडा फायदा दिसला होता, तेही मान्य करते. पण थोडा फायदा म्हणजे आयक्यू वाढला असं होत नाही. परदेशातले टॉपर कोण, कुठले, ते मेसेजमध्ये नाही, सोडून देते.

राहिला अन्याय. सगळ्यांनी गोळी घेतली तरी मेडिकलच्या सीट तेवढ्याच, रँक जिथल्या तिथे, वर घराघरात गोळ्यांचा खर्च आणि जागरणं. आणि ज्याला नकोय त्यालाही घ्यावी लागणार, कारण बाजूच्या बेंचवरचा घेतो. भाचीला कुणी विचारलं का? मार्क आले तर गोळीचे, नाही आले तर गोळी घेऊनही जमलं नाही, हे तिच्या मनात बसलं की ते काढणार कोण?

ताई, मेडिकलमध्ये मी विचारणार नाहीये. तिला अकराला झोपव, आणि तरी दिवसा झोप येत राहिली तर डॉक्टरांना दाखव, हिमोग्लोबिन तपासून घे.