‘अमेरिकेतला वर्णभेद 1965 सालीच संपला’: एका फॉरवर्डचा समाचार

अमेरिकेत निवडणूक आली, किंवा तिथल्या पोलिसांच्या हातून कुणी कृष्णवर्णीय माणूस गेला, की एक मराठी मजकूर नव्यानं फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि न्यू जर्सीच्या नातेवाइकांकडून तर हमखास. मजकूर थोडक्यात असा: वर्णभेद 1965 साली कायद्यानं संपला. कृष्णवर्णीयांना मत मिळालं, हवं तिथं घर घ्यायची मुभा मिळाली, पुढे त्यांच्यातला एक राष्ट्राध्यक्षही झाला. तरी ते मागे आहेत, कारण कष्ट नकोत. तुरुंगात आहेत, कारण गुन्हे करतात. आणि शेवटी टाळीचं वाक्य: आपली माणसं खिशात आठ डॉलर घेऊन गेली आणि आज बंगल्यात राहतात, मग यांनाच काय झालं?

यातल्या तारखा बऱ्याचशा खऱ्या आहेत. गडबड आहे ती दोन तारखांच्या मधे जे घडलं ते गाळण्यात. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

‘1965 साली मताचा हक्क मिळाला, विषय संपला.’

हक्क 1965 साली मिळाला नाही. वंशावरून मत नाकारायचं नाही, असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती 1870 ची आहे. दक्षिणेकडच्या राज्यांनी त्यावर साधी युक्ती काढली: कायद्यात वंशाचा उल्लेखच करायचा नाही. मतदानाला कर लावायचा, लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा घ्यायची, आणि पास-नापास ठरवणार गोरा कारकून. लुईझियानात 1896 साली 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार यादीत होते. 1898 साली राज्यानं नवी घटना केली आणि 1904 पर्यंत त्यातले 1,342 उरले. एवढी माणसं काही पटकीनं गेली नव्हती.

1965 च्या मतदान हक्क कायद्याची खरी ताकद एका तरतुदीत होती. ज्या राज्यांची मागची वर्तणूक वाईट, त्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी, अगदी मतदान केंद्र दुसऱ्या गल्लीत हलवायचं असलं तरी, वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची. फरक लगेच दिसला. मिसिसिपीत 1964 साली पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्के मतदार यादीत होते. तीन वर्षांत हा आकडा साठच्या घरात गेला.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली तारीख: 25 जून 2013. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं शेल्बी काउंटीच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, ही राज्यं ठरवण्याचं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं. सूत्र गेलं, म्हणजे मंजुरीची अटही निकामी झाली. टेक्सस राज्यानं, मंजुरीअभावी अडकलेला मतदार ओळखपत्राचा कायदा त्याच दिवशी लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या आमदारांनी तर आधी माहिती मागवली की कुठल्या वंशाचे लोक मतदानाची कोणती सोय वापरतात, आणि मग नेमक्या कृष्णवर्णीय जास्त वापरत असलेल्या सोयी कापल्या. 2016 साली फेडरल अपील न्यायालयानं तो कायदा उडवला. तरतुदी ‘जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेनं’ कृष्णवर्णीयांवर रोखलेल्या आहेत, हे शब्द न्यायालयाचे आहेत, कुण्या चळवळ्याचे नाहीत.

फ्लॉरिडाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांना तिथे जन्मभर मत नव्हतं. त्यात कृष्णवर्णीयांचा वाटा लोकसंख्येच्या मानानं फार मोठा. 2018 साली जनतेनंच सार्वमतात, सुमारे 65 टक्क्यांनी, खून आणि लैंगिक गुन्हे वगळता बाकीच्यांना मत परत दिलं. चौदा लाखांच्या आसपास माणसं. पुढच्याच वर्षी विधिमंडळानं पाचर मारली: आधी सगळा दंड आणि कोर्टाची फी भरा. ठीक, भरतो, पण किती? हे सांगणारी एक यादी, एक कार्यालय राज्यात नव्हतं. काउंटी-काउंटीची जुनी दप्तरं उपसत बसायचं, आणि अंदाज चुकवून मत दिलं तर पुन्हा खटल्याची भीती. आपल्याकडे सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

‘ओबामा झाला ना राष्ट्राध्यक्ष!’

झाला, दोनदा झाला. पण 1881 ते 1967 या काळात अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. 2025 च्या जानेवारीपर्यंतच्या साऱ्या इतिहासात तिथे बसलेले कृष्णवर्णीय चौदा, आणि एकूण सिनेटर दोन हजारांवर. निवडून आलेले कृष्णवर्णीय गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे राज्याचे प्रमुख, तोवर तीन. कनिष्ठ सभागृहात मात्र प्रमाण आज लोकसंख्येशी बरंच जुळतं, हे कबूल करायला हवं. ते जुळतं याचं मोठं कारण तोच 1965 चा कायदा, ज्याच्या आधारे मतदारसंघांच्या रेषांना आव्हान देता आलं. अलाबामात सुमारे 27 टक्के कृष्णवर्णीय आणि सात जागा, पण नकाशा असा आखलेला की त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येण्याची शक्यता एकाच जागी. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं कान उपटल्यावरही विधिमंडळानं जवळपास पहिलाच नकाशा पुन्हा पाठवला. शेवटी फेडरल न्यायालयानं स्वतः नेमलेल्या तज्ज्ञाकडून नवा नकाशा आखून घेतला, तेव्हा 2024 मध्ये दुसरी जागा आली.

राजधानी वॉशिंग्टनचंही पाहा. सुमारे सात लाख वस्ती, म्हणजे वायोमिंग किंवा व्हरमाँट या अख्ख्या राज्यांपेक्षा जास्त. कित्येक दशकं कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेलं शहर. फेडरल कर भरायचा, पण सिनेटर शून्य आणि कनिष्ठ सभागृहात मत नसलेली एक प्रतिनिधी.

‘घर घ्यायला कुणी अडवलं होतं?’

सरकारनं. हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात कमी माहीत आहे, म्हणून जरा थांबू.

महामंदीत लोकांची घरं लिलावात निघायला लागली, तेव्हा 1933 साली सरकारनं गृहकर्जाची संस्था काढली. तिनं दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले: उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि धोक्याची लाल. कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती सरसकट लाल; तिथला रहिवासी डॉक्टर असो की हमाल. 1934 साली कर्जाला हमी देणारी दुसरी सरकारी यंत्रणा आली, आणि तिच्या नियमांत तर वस्तीत वंशांची सरमिसळ होणं हाच कर्ज बुडण्याचा धोका धरलेला होता. हमी नाही म्हणजे बँकेचं कर्ज नाही.

डेट्रॉइटमध्ये याचा पुरावा विटा-सिमेंटमध्ये उभा आहे. शहराच्या उत्तर टोकाला एट माइल रोडजवळ एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती, म्हणून सरकारनं हमी नाकारली. त्यानं तोडगा काढला: दोन्ही वस्त्यांच्या मधे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. 1941 साल. भिंत झाली आणि हमी मंजूर झाली. पावसाचं पाणी अडवायला नाही, चोर अडवायला नाही. फक्त सरकारी शेऱ्यासाठी. आज तिच्या काही भागावर चित्रं रंगवली आहेत, भिंत तशीच आहे.

युद्धानंतर सैनिकांना स्वस्त कर्जं मिळाली. मिसिसिपीत 1947 साली अशी सरकारी हमीची 3,229 कर्जं दिली गेली; त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन नावाची प्रचंड वसाहत त्याच वर्षी उभी राहू लागली, आठ हजार डॉलरच्या आसपास घर. सुरुवातीच्या करारात कलमच होतं की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणाला इथे राहू द्यायचं नाही. घरकामाला ठेवलेला नोकर तेवढा चालेल. आडनाव आणि खाणंपिणं विचारून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्या मुंबई-पुण्यातही आहेत, पण इथे नियम करणाऱ्यात सरकार स्वतः होतं.

घरांबाबतचा भेदभाव बंद करणारा कायदा 1965 चा नाही, 1968 चा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्यानं सही झालेला. तोवर आठ हजारांच्या घराची किंमत कितीतरी वर गेली होती. गोऱ्या कुटुंबानं त्या घरावर मुलांची कॉलेजं काढली आणि मागे घर ठेवलं. भाड्यानं राहिलेल्यानं मागे पावत्या ठेवल्या. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या 2022 च्या पाहणीत श्रीमंतीच्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 2,85,000 डॉलर, तशाच कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. पगारातला फरक यापेक्षा पुष्कळ कमी आहे. ही दरी महिन्याच्या कमाईची नाही, आजोबांच्या घराची आहे.

‘तुरुंगात जास्त, कारण गुन्हे जास्त.’

खुनाच्या आकड्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं जास्त आहे: आरोपींत, आणि मरणाऱ्यांतही. हे लपवण्यात अर्थ नाही. वर सांगितलेल्या लाल वस्त्यांशी त्याचा काय संबंध, हा वेगळा लेख होईल. पण तुरुंग काही फक्त खुनानं भरत नाहीत.

1986 चा अमली पदार्थांचा कायदा घ्या. क्रॅक, म्हणजे ओढायचे कोकेनचे खडे, आणि कोकेनची भुकटी, मूळ पदार्थ एकच. क्रॅक गरीब कृष्णवर्णीय वस्तीत विकलं जाई, भुकटी पैसेवाल्यांच्या पार्टीत. पाच वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेला क्रॅक पाच ग्रॅम पुरे, भुकटी मात्र पाचशे ग्रॅम लागे. शंभरास एक. हे चोवीस वर्षं चाललं. 2010 साली ते प्रमाण अठरास एक केलं, आणि त्यालाच सुधारणा म्हटलं गेलं.

आणि फर्ग्युसन. मिसुरी राज्यातल्या या गावाबद्दल केंद्रीय न्याय खात्याचा मार्च 2015 चा अहवाल आहे. गावात 67 टक्के कृष्णवर्णीय, अटकेत 93 टक्के. गाडी थांबवल्यावर त्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा होई. पण बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा 26 टक्क्यांनी कमी. म्हणजे पोलिसांचा संशय ज्यांच्यावर जास्त, त्यांच्यावरच तो जास्त वेळा फोल ठरत होता. अहवालात एका बाईची नोंद आहे. 2007 साली तिनं एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. दंड 151 डॉलर अधिक फी. पैसे नव्हते, तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, सहा दिवस कोठडी झाली. तिनं 25 आणि 50 डॉलरचे हप्ते पाठवले, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टानं परत केले. 2014 च्या अखेरीस तिचे 550 डॉलर भरून झाले होते आणि 541 अजून बाकी होते. आपल्याकडची सावकारी याहून काय वेगळी होती? दंडाची वसुली हा गावच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता आणि ती वाढवण्यासाठी पोलिसांवर वरून दबाव होता, हेही त्याच अहवालात आहे.

‘आपण आठ डॉलरवर उभे राहिलो, मग ते का नाही?’

कारण खिशात आठ डॉलर असले तरी पिशवीत पदवी होती. साठ-सत्तरच्या दशकात विमानात बसलेला मराठी माणूस पवईच्या आयआयटीतून, व्हीजेटीआयमधून, नाहीतर जेजे आणि केईएममधून निघालेला होता, आणि ते शिक्षण इथल्या करदात्यांच्या पैशावर झालेलं होतं. गाळणीतून निघालेल्या माणसांची तुलना दुसऱ्या अख्ख्या समाजाशी करायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

दुसरं, दार मुळात उघडं नव्हतं. 1923 साली सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्याचाही उपयोग झाला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यातल्या कित्येकांचं काढून घेतलं गेलं. 1946 साली अट सैल झाली ती किती? सगळ्या भारतातून वर्षाला शंभर माणसं. हे वंशावरचे कोटे मोडले 3 ऑक्टोबर 1965 च्या स्थलांतर कायद्यानं. मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदानाचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, त्याच राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या सहीनं, आपल्याला आत घेतलं. वंशावरून माणसं निवडणं लाजिरवाणं वाटू लागलं, ते त्या चळवळीमुळे. 1981 साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन करण्याइतकी मराठी माणसं तिथे होती, ती बहुतेक याच दारानं आलेली.

आपण वेगळे, हा समज तरी कितपत टिकतो? फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावी गुजरातहून आलेले 57 वर्षांचे गृहस्थ नातवाला सांभाळायला इंजिनिअर मुलाकडे उतरले होते. सकाळी घराजवळच फेरी मारत होते. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला की एक बारीक काळा माणूस फिरतोय. पोलीस आले; यांना इंग्रजी येत नव्हतं, ‘इंडियन’ एवढं सांगत राहिले. पोलिसानं हात मागे धरून त्यांना तोंडावर आपटलं. मणक्याला इजा होऊन त्यांना अर्धांगवायू झाला. मुलाची नोकरी, नवं घर, चांगली वस्ती, सगळं जागच्या जागी होतं. खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.